नंदूने न दिलेली सही

दोन पाट शेजारीशेजारी मांडले होते. समोर दोन ताटांत तेहतीस-तेहतीस अनारसे आणि मधोमध चांदीचा एकेक दिवा. मामी, म्हणजे माझ्या सासूबाई, औक्षण करत होत्या. मी हात जोडून बसलो होतो खरा, पण डोळे दिव्यांवर होते. नंदूचा दिवा माझ्या दिव्यापेक्षा जड वाटत होता.

"मामी, दोन्ही दिवे एकाच सोनाराकडचे का?" मी सहज विचारल्यासारखं विचारलं.

"व्हय की. जोडीच घेतली. का वो, जावईबापू?"

"काही नाही. नक्षी छान आहे."

शेजारच्या पाटावरून नंदू हळूच म्हणाला, "सारखेच आहेत, दादा."

त्याने माझ्या मनातलं ओळखलं, याचा मला त्या दिव्यापेक्षा जास्त राग आला.

त्या वर्षी भाद्रपद अधिक आला होता आणि गणपती महिनाभर लांबले होते. अधिक महिना म्हणजे धोंड्याचा महिना. लेक-जावयाला घरी बोलवायचं, पुरणाचे धोंडे करून जेवू घालायचं, ऐपतीप्रमाणे काहीतरी हातात ठेवायचं. मामांनी, म्हणजे सासऱ्यांनी, पलूसच्या घरी आम्हा दोन्ही जावयांना एकाच दिवशी बोलावलं होतं. वेगवेगळं बोलावलं असतं तर बरं झालं असतं, असं मला आजही वाटतं.

नंदू म्हणजे नंदकुमार, माझा साडू. माझी बायको उज्ज्वला थोरली, त्याची बायको प्रज्ञा धाकटी. तो मिरजेच्या पोस्टात कारकून. माणूस असा, की लग्नात शिवलेली पँट पोराच्या मुंजीपर्यंत पुरवणारा. सायकलवरून कामावर जायचा, प्रवासाला निघाला तर घरून पाण्याची बाटली न्यायचा. सगळे मिळून बागेत गेलो आणि मी सगळ्यांना आइस्क्रीम घेतलं, तर हा स्वतःच्या कपाचे पैसे आठवणीने माझ्या खिशात कोंबायचा. मी त्याला 'चिक्कूसाहेब' म्हणायचो आणि सगळे हसायचे. मामी तर डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसायच्या. नंदूही हसायचा. सासुरवाडीत मी लाडका जावई होतो, आणि ते मला पुरतं माहीत होतं.

मग त्या उन्हाळ्यात चिक्कूसाहेबांनी मिरजेत घर घेतलं. एक खोली आणि स्वयंपाकघर, दुसरा मजला, पाण्याची टाकी स्वतंत्र. आणि त्यावर एक पैचंही कर्ज नाही.

झालं. माझं पोट दुखायला लागलं ते थांबेचना. मी सांगलीत भाड्याच्या दोन खोल्यांत होतो. घरमालक दर महिन्याला भाड्यासाठी जिन्यात उभा राहायचा आणि मी मागच्या दाराने निघायचो. वास्तुशांतीला नंदूच्या घरात मी अडीच तास बसलो आणि अडीच तास भिंतींना कुठे ओल आलीय का ते बघितलं. नव्हती.

आता माझा धंदा सांगतो. सांगलीत टीव्ही-फ्रिजच्या एका मोठ्या दुकानात मी सेल्समन होतो. किंमत ऐकून माघारी वळलेल्या माणसाला दारातून परत आणायचं, हे माझं काम. "काका, चोवीस हजार बघू नका. दिवसाला चाळीस रुपये बघा. दोन चहा आणि एक वडापाव." हे वाक्य मी दिवसातून तीस वेळा म्हणायचो, आणि तीस वेळा म्हटलं की ते आपलं आपल्यालाही पटायला लागतं. फ्रिज दिवसाला तीस रुपये. मोटरसायकल दिवसाला साठ. पतसंस्थेचं कर्ज, उज्ज्वलाच्या पाटल्यांवरचं सोनेतारण, सगळं दिवसाला इतके आणि दिवसाला तितके. त्या सगळ्या रुपयांची बेरीज मी कधी केली नव्हती. शिवाय एका खासगी माणसाकडून महिना पाच टक्क्यांनी घेतलेले पंचवीस हजार होते. ते उज्ज्वलाला ठाऊक नाहीत, अशी माझी समजूत होती.

एवढं सगळं असताना मला गाडी घ्यायची होती. चारचाकी. एका डॉक्टरांनी वापरलेली पांढरी मारुती बघून ठेवली होती. पंचाण्णव हजार. सत्तर हजार पतसंस्था देणार होती, पंचवीस रोख भरायचे होते. पंचवीस कुठून आणायचे ते ठरलं नव्हतं, पण गणपतीला ती गाडी पलूसच्या दारात उभी करायची आणि मामींना पुढच्या सीटवर बसवायचं, एवढं ठरलं होतं. नंदूचं घर काही पलूसला आणता येणार नव्हतं. गाडी आणता येणार होती.

पतसंस्थेला पक्क्या नोकरीचा जामीनदार हवा होता. माझ्या ओळखीत पक्क्या नोकरीचा आणि कुणालाही जामीन न राहिलेला असा एकच माणूस होता. म्हणून तो फॉर्म मी धोंड्याच्या जेवणाला पिशवीतून घेऊन आलो होतो. हिशेब साधा होता. धोंड्याच्या महिन्यात जावयाने काही मागितलं तर घरात कुणी नाही म्हणत नाही. भरल्या घरात, अनारशांच्या ताटासमोर मागायचं. मग नंदू कुठे जातो?

जेवणं झाली. चार-चार धोंडे पोटात गेले होते. मामा पडवीत पान लावत बसले. नंदू भिंतीला टेकून बसला होता. मी फॉर्म काढला.

"नंदू, एक सही हवी होती."

"कसली, दादा?"

"जामीनदाराची. गाडी घेतोय."

"गाडी?" मामांचा सुपारी कातरणारा हात थांबला. "चारचाकी?"

"चारचाकी, मामा. पांढरी. डॉक्टरांनी फुलासारखी वापरलीय."

मामी पदराला हात पुसत बाहेर आल्या. "अगं बया! पर अधिकात नगा घेऊ वो गाडी."

"गणपतीला आणणार, मामी. पहिली फेरी तुमची. थेट नरसोबाच्या वाडीला."

मामी पदराने तोंड झाकून लाजल्या. ते बघून माझी छाती दोन इंच फुगली. मी पेन उघडून नंदूपुढे धरलं.

नंदूने फॉर्म दोन्ही बाजूंनी वाचला. पोस्टातला माणूस, एकेक ओळ बोट ठेवून वाचली. मग त्याने स्वयंपाकघराच्या दाराकडे बघितलं. तिथे उज्ज्वला उभी होती, हातात तांब्या. तो परत फॉर्मकडे बघायला लागला.

"मला जमणार नाही, दादा."

मला वाटलं, थट्टा करतोय. "अरे, हप्ता मी भरणार. तुझी नुसती सही."

"नाही जमणार."

"का?"

"कारण असं काही नाही."

"कारण नाही आणि सही पण नाही?" माझा आवाज चढला. "घर झालं म्हणून माजलास का रे? दोन खोल्या घेतल्यास, राजवाडा नाही बांधलास!"

"जावईबापू, जरा दमानं," मामा म्हणाले.

"दमानं कसलं, मामा? आज धोंड्याला बोलावलंय ना मला? मग आज मला कुणी नाही म्हणायचं नाही!"

"ते सासरवाडीनं म्हणायचं नसतं, दाजी," प्रज्ञा आतून म्हणाली. "हे पण जावईच आहेत की."

मामांना हसू आलं. त्यांनी ते पानात दडवलं, पण मला दिसलं. ज्या घरात इतकी वर्षं नंदूवर हसायचे, त्या घरात त्या दिवशी माझ्यावर हसले. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी चपला पायांत सरकवल्या आणि बाहेर पडलो.

सासुरवाडीत रुसून जायला फार जागा नसते. कोपऱ्यावरच्या पानपट्टीपर्यंत गेलो, तिथल्या माणसाने "काय पाव्हणं, धोंडं झालं का?" विचारलं. तिथून वळलो. ऊन मी म्हणत होतं. तोंडावर पाणी मारावं म्हणून घराच्या मागच्या बोळातून परसात शिरलो.

परसात पाण्याची टाकी होती आणि टाकीच्या आडोशाला उज्ज्वला आणि नंदू उभे होते.

उज्ज्वलाने कमरेच्या बटव्यातून घडी केलेल्या नोटा काढल्या आणि नंदूच्या हातात ठेवल्या. त्याने त्या वरच्या खिशात टाकल्या. हे पहिल्यांदा होत नव्हतं, हे त्या दोघांच्या हातांवरूनच कळत होतं.

"ताई, मी सांगू का त्यांना?" नंदू म्हणाला.

"नाही. नंदूभाऊ, तुम्हाला शपथ आहे माझी."

खरं सांगतो, नोटांचं मला नंतर सुचलं. आधी झोंबला तो तिचा आवाज. इतका भरवशाचा, इतका मोकळा आवाज. माझ्याशी बोलताना तो आवाज तिने शेवटचा कधी काढला होता, ते मला आठवेना.

"काय चाललंय हे?"

दोघंही दचकले. नंदू एक पाऊल मागे सरला. उज्ज्वला सरली नाही.

"माझी बायको तुला चोरून पैसे देते, आणि तू मला एक सही देत नाहीस?" मी नंदूच्या अंगावर गेलो. "कसले पैसे आहेत हे?"

"माझे," उज्ज्वला म्हणाली. "फॉल-पिकोचे. सातशे रुपये. दर महिन्याला देते. यांच्या पोस्टात माझ्या नावाचं खातं आहे, पुढच्या महिन्यात तीन वर्षं होतील."

"तीन वर्षं?"

"व्याज धरून सत्तावीस हजार होतात. आपल्या ऋतुजाच्या बारावीसाठी सुरू केलं होतं. आता त्या पाच टक्केवाल्याला द्यायचेत."

मी टाकीला हात टेकला. "कोण पाच टक्केवाला?"

"जिन्यात येऊन बसतो तो. तुम्ही दुकानात असता, मी घरी असते. त्याला चहा कोण देतं असं वाटतं तुम्हाला?"

नंदू खाली बघत होता. म्हणजे त्यालाही सगळं ठाऊक होतं. माझी सगळी लक्तरं या माणसाच्या टेबलावर पसरलेली होती, आणि मी त्याला चिक्कूसाहेब म्हणून सगळ्यांना हसवत होतो.

"घरात ठेवायचे होतेस," मी म्हणालो. "बँकेत ठेवायचे होतेस. तुझ्या आईकडे ठेवायचे होतेस. याच्याकडेच का?"

उज्ज्वलाने माझ्याकडे नीट बघितलं. ती रडत नव्हती. रडली असती तर मला सोपं गेलं असतं.

"घरात ठेवले असते तर तुम्ही घेतले असते. पिठाच्या डब्यातले घेतलेत, देवघरातले घेतलेत. बँकेत ठेवले असते तर माझ्याकडून सही करून घेतली असती. आईला तर तुम्ही दोन जोक सांगितले असते आणि तिने स्वतः आणून दिले असते. सगळ्या नात्यात एकच माणूस असा होता, ज्याच्यापुढे तुम्ही मरून गेलात तरी हात पसरला नसता. त्यांचं बघून तुम्ही इतके जळता. म्हणून त्यांच्याकडे ठेवले. तिथे पैसे राहतील, अशी खात्री होती मला."

घरातून मामींचा भांडी आवरल्याचा आवाज येत होता.

"आणि आज तुम्ही त्यांच्याकडेही मागितलंत," उज्ज्वला म्हणाली. "आता कुठे ठेवू ते सांगा."

आता एक गोष्ट कबूल करतो, आजवर कुणापाशी केलेली नाही. ती हे बोलत होती, माझी मान खाली होती, कानशिलं तापली होती, आणि त्याच वेळी डोक्याच्या एका कोपऱ्यात आपोआप बेरीज चालली होती. सत्तावीस. रोख भरायचे पंचवीस. म्हणजे वर दोन उरतात. सीट कव्हर होतील.

तिने माझा चेहरा बघितला. तेरा वर्षांचा संसार होता, तिला ती बेरीज अक्षरन् अक्षर वाचता आली.

"बघा," ती नंदूला म्हणाली. "लागले हिशेब करायला."

मारलं असतं तरी इतकं लागलं नसतं. कारण ती ते मला नाही, त्याला म्हणाली. माझ्याबद्दल बोलायला तिच्याकडे तोच माणूस उरला होता.

आता नंदू बोलला. "दादा, मी जातो आत. तुम्ही दोघं बोला."

"थांब," मी म्हणालो. "तू तिला अजून काय काय सांगतोस?"

त्याने उज्ज्वलाकडे बघितलं. तिने बटव्यातून एक छोटी वही काढून माझ्यापुढे धरली. ती मी घरात शंभरदा बघितली होती. मला वाटायचं, ब्लाउजांची मापं असतील. पुढची चार पानं मापांचीच होती. मागून उघडली तर आमचा संसार होता, नंदूच्या पोस्टातल्या टपोऱ्या अक्षरात. भाडं, किराणा, दूध, फी. खाली माझी सगळी कर्जं, व्याजाच्या दरासकट, मोठ्या दरापासून लहान दरापर्यंत. शेवटी बेरीज. दोन लाख एकतीस हजार. ती बेरीज मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितली, आणि ती दुसऱ्या पुरुषाच्या अक्षरात होती.

मध्येच एक ओळ होती. 'दादा, चहा-पान-पेट्रोल: ९००.'

"हे नऊशे कुणी ठरवले?"

"मी तीनशे म्हणत होते," उज्ज्वला म्हणाली. "नंदूभाऊ म्हणाले, पुरुष माणूस आहे, खिशात काही नको का. नऊशे करा."

मला वाटलं होतं, त्याची कॉलर धरावी. त्याऐवजी मी परसातल्या धुण्याच्या दगडावर बसलो. उज्ज्वला उभीच होती. नंदू जावं की थांबावं या विवंचनेत टाकीचा नळ घट्ट करत होता. नळ गळत नव्हता.

"पेन दे," मी त्याला म्हणालो.

फॉर्मवर सही करायला पुढे केलेलं माझं पेन पडवीतच राहिलं होतं. त्याने खिशातलं आपलं दिलं. मी वहीची नवी पानं उघडली आणि त्याचं सगळं लिखाण पहिल्यापासून माझ्या अक्षरात उतरवून काढलं. भाडं, किराणा, दूध. पाच टक्केवाला, पतसंस्था, पाटल्या, मोटरसायकल, फ्रिज, टीव्ही. उतरवून झाल्यावर त्याची पानं फाडली, घडी केली आणि त्याच्याच खिशात कोंबली, तो माझ्या खिशात आइस्क्रीमचे पैसे कोंबायचा तशी.

"यापुढे माझ्या घरचा हिशेब मी लिहिणार," मी म्हणालो. "तुझी गरज नाही."

"चालेल, दादा," नंदू म्हणाला.

माझ्या नऊशेचे मी चारशे केले होते. ते त्याला दाखवायचं होतं, पण त्याने बघितलं नाही.

लोकांना वाटतं, माणूस पश्चात्तापाने सुधारतो. मी जळून सुधारलो. सकाळी डबा बांधताना मनात नंदू. दुकानातले सहकारी संध्याकाळी भेळ खायला निघाले की पोटात भूक आणि डोक्यात नंदू. पुढच्या महिन्यात उज्ज्वलाने खातं मोडलं आणि पाच टक्केवाल्याचा हिशेब मिटवला. तो पैसे न्यायला आला तेव्हा मी मुद्दाम घरी थांबलो आणि त्याला चहा मी दिला. मग त्याला महिन्याला जाणारे साडेबाराशे वाचले, ते पाटल्यांच्या कर्जात टाकले. पाटल्या सुटल्या, तो हप्ता पतसंस्थेत. मोटरसायकल विकली आणि तिचं उरलेलं कर्ज मिटवून जुनी सायकल घेतली. सायकल घेताना दुकानदाराला पहिला प्रश्न विचारला, "पोस्टातले लोक कुठली वापरतात?" उज्ज्वला हसली नाही, पण हसू दाबायला तिने तोंड फिरवलं.

सोपं गेलं असं कुणी समजू नये. दुसऱ्या दिवाळीला ऋतुजाला नवा ड्रेस नव्हता आणि ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. उज्ज्वला पहाटेपर्यंत मशीन चालवून उठायची तेव्हा तिला पाठ सरळ करता यायची नाही. मी मात्र दुकानात "दिवसाला चाळीस रुपये बघा, काका" म्हणतच राहिलो, कारण त्यावरच माझं कमिशन होतं. माझं कर्ज फेडायला मी किती काकांना कर्जात घातलं, तो आकडा वहीत नाही.

आणि नंदूला मी सोडलं नाही. साखरपुडा असो की बारसं, जिथे म्हणून नातेवाईक जमले तिथे मी ती सहीची गोष्ट रंगवून सांगितली. "आमचे साडू! पोस्टात दिवसाला हजार शिक्के मारतात, पण घरच्या माणसाला एक सही देत नाहीत." लोक हसायचे. त्याच्या समोर सांगायचो. तो समोरच्या वाटीतला मठ्ठा प्यायचा आणि हसायचा. प्रज्ञाचा चेहरा पडायचा, ते बघून मला आणखी जोर यायचा. तेवढं एक हत्यार माझ्याकडे होतं. त्याच्याकडे घर होतं, अब्रू होती, माझ्या बायकोचा विश्वास होता. माझ्याकडे ती न दिलेली सही होती.

चार वर्षं आणि दोन महिन्यांनी पतसंस्थेचा शेवटचा हप्ता भरला. तिथल्या बाईंनी येणे बाकी नसल्याचा दाखला दिला, शिक्का मारून. मी सायकल दामटत घरी आलो. उज्ज्वला दारात गवार मोडत बसली होती. तिने हात पुसले, दाखला घेतला, पुन्हा पुन्हा वाचला. मग माझ्याकडे बघून हसली. कितीतरी वर्षांनी माझ्याकडे बघून.

"बसा," ती म्हणाली. मी उंबऱ्यावर बसलो.

"आता सांगायला हरकत नाही," ती म्हणाली. "त्या धोंड्याला मी परत न येण्याच्या तयारीने गेले होते."

"म्हणजे?"

"माझे आणि ऋतुजाचे कपडे घेऊन गेले होते. तिच्या शाळेत दाखल्याचं विचारून ठेवलं होतं. आदल्या दिवशी तुमच्या पिशवीत तो फॉर्म बघितला ना, तेव्हा पक्कं ठरवलं. म्हटलं, आता आणखी एक कर्ज मला झेपायचं नाही. सकाळी नंदूभाऊंना फोन केला. म्हटलं, ते तुमच्याकडे सही मागणार आहेत. द्यायची की नाही ते तुम्ही बघा. पण तुम्ही दिलीत तर मी आणि पोर आज पलूसलाच राहणार, कायमचं."

गवारीच्या शेंगा मोडल्याचा बारीक आवाज येत होता. तिने पुन्हा मोडायला घेतल्या होत्या.

"आणि तो काय म्हणाला?"

"काही नाही. जेवायला आले."

परसातली ती शपथ मला तेव्हा कळली. मी तिला पैशांची समजत होतो.

"मग नंतर तरी सांगायचं ना त्याने. मी चार वर्षं त्याला चारचौघांत..."

"मी म्हणाले होते त्यांना. दुसऱ्या वर्षी, भाच्याच्या बारशात तुम्ही फारच बोललात तेव्हा. म्हटलं, नंदूभाऊ, सांगून टाका एकदा. तर म्हणाले, राहू दे ताई. सांगितलं तर दादांना घरात मान वर करून बसता येणार नाही."

तिने मोडलेली गवार सुपात ओढली आणि उठून आत गेली. मी उंबऱ्यावरच बसून राहिलो. त्याच्या जागी मी असतो तर पहिल्याच पंगतीत सांगून मोकळा झालो असतो, वर दोन जोकही जोडले असते. खोटं कशाला बोलू, कर्ज फिटल्याचा दाखला हातात असताना मला त्या माणसाचा जेवढा हेवा वाटला, तेवढा त्याच्या घराचाही कधी वाटला नव्हता.